एक नंबरचा पिस्टन

"कुंकू पुसू नको गं त्यावरचं," आत्ती म्हणाल्या. "आजचा दिवस तरी ऱ्हाऊ दे."

मी हातातली चिंधी मागं घेतली. दसऱ्याची सकाळ होती. आमच्या परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या वडिलांची डिझेल गाडी बॉनेट उघडून उभी होती. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवून बाकड्यावर ठेवलेलं, आणि उघड्या पडलेल्या ब्लॉकमध्ये चार पिस्टन एका ओळीत दिसत होते. आदल्या दिवशी खंडेनवमी झाली होती. त्या दिवशी आमच्याकडं हत्याराला कुणी कामासाठी हात लावत नाही, हत्यारांची पूजा असते. आत्तींनी पाटावर पाने, हातोडे, पकडी मांडून पूजा केली आणि मग ताट घेऊन इंजिनापाशीही आल्या. ब्लॉकच्या पुढच्या कोपऱ्यावर, एक नंबरच्या पिस्टनला लागून, त्यांनी हळद वाहिली आणि गंधात कालवलेल्या कुंकवाचा बोटभर लांब पट्टा ओढला. वर झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले.

"मी कशाला पुसू? माझं काम पिस्टनशी," मी म्हणाले आणि फूल तेवढं उचलून रेडिएटरवर ठेवलं.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या कोल्हापूरकडं सासूला आत्ती म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. लग्न होऊन मला वर्ष झालं होतं, वय चोवीस. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होते. दिवसभर लोखंडी जॉब, म्हणजे मशीनवरून आलेले सुटे भाग, हातात घ्यायचे, मापायचे, आणि केसभर जरी चुकलं असलं तरी परत पाठवायचे. मशीनवर वीस-वीस वर्षं मुरलेली माणसं माझ्या टेबलाशी आली की गप्प उभी राहायची. त्यामुळं माझ्या डोक्यात थोडी हवा होती. थोडी कसली, चांगलीच होती.

मामा शेडच्या खांबाला टेकून उभे होते. हिंदुराव मिस्त्री म्हटलं की उद्यमनगरात पत्ता विचारावा लागत नसे. तीस वर्षं नुसत्या नावावर गाड्या यायच्या. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या गादीवर लेथनं कापलेली एक खोल आडवी चीर होती, आणि तो अंगठा प्रसिद्ध होता. मापायची डायल लावायच्या आधी मामा ब्लॉकवरून पिस्टनवर अंगठा ओढायचे आणि आकडा सांगायचे. मग डायलही तोच आकडा दाखवायचा, असं लोक सांगत. मी ते कधी पाहिलं नव्हतं. मी या घरात येण्याआधीच मामांनी काम सोडलं होतं.

झालं होतं असं. या दसऱ्याच्या दोन वर्षं आधी, असाच ऐन दसऱ्यात, जोतिराम नावाच्या माणसाच्या जीपचं इंजिन मामांनी याच शेडमध्ये उघडून बांधलं. वडापची जीप, म्हणजे मिळतील तेवढी माणसं भरून गावोगाव धावणारी. चौथ्या दिवशी गगनबावड्याच्या घाटात इंजिन ठोकायला लागलं आणि बंद पडलं. आत चौदा माणसं. जोतिरामानं गाडी कशीबशी कठड्याला घासत थांबवली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण दुसऱ्या दिवशी तो गाडी ओढून आमच्या गल्लीत घेऊन आला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा बोलला. मामांनी इंजिन स्वतः उघडलं. बराच वेळ आत पाहिलं. मग बाहेर येऊन चारचौघांत म्हणाले, "चूक माझी हाय. माप चुकलं." पदरचं घालून इंजिन दुरुस्त करून दिलं आणि हत्यारांची पेटी बंद केली. हिंदुरावाचा हात गेला, असं आठवड्याभरात उद्यमनगरात बोललं जायला लागलं. त्यानंतर शेडमध्ये गाडी आली नाही. साठीही न गाठलेला तो माणूस सकाळी कट्ट्यावर पेपर घेऊन बसायचा आणि दुपारपर्यंत तोच पेपर वाचायचा.

मला ते बघवत नव्हतं. मी मायाळू आहे म्हणून नव्हे. चांगलं हत्यार गंजत पडलेलं मला बघवत नाही, तसंच ते होतं.

म्हणून गणपतीत माहेरी, गडहिंग्लजला, अण्णांच्या गाडीचं पाणी उकळायला लागलं, मागून पांढरा धूर यायला लागला, गॅस्केट गेली असं तिथल्या मेकॅनिकनं सांगितलं, तेव्हा मी लगेच म्हणाले, "आमचे मामा करतील."

अण्णा माझे वडील. भुसारी दुकान चालवणारे, जपून बोलणारे. त्यांनी चष्मा काढून पुसला. "अगं विजू, त्यांचा म्हणे हात—"

"हातबित काही जात नाही," मी म्हणाले. "माझा शब्द."

मामांना पटवायला मात्र पंधरा दिवस गेले. आधी "बघू", मग "डोळ्यांनी दिसत न्हाई", मग नुसतीच मान. शेवटी माझे यजमान धैर्यशील, जे शाळेत भूगोल शिकवतात आणि पान्याला पाना म्हणतात एवढंच ज्यांना ठाऊक, तेसुद्धा म्हणाले, "बाबा, ही शब्द देऊन बसलीय, आता काय करणार?" त्यावर मामांनी पेपर खाली ठेवला.

"ठीक हाय. हेड मी उतरवतो, नट मी आवळतो. पण माप तुझं. गॅस्केट कुठली घालायची ते तू सांगायचं. आणि हे इंजिन बी ठोकलं, तर पुन्हा मला पान्याला हात लाव म्हणायचं न्हाई. तू न्हाई आणि कुणीच न्हाई. ती पेटी मग भंगारात."

"ठोकणार नाही," मी म्हणाले.

आता ज्यांनी आयुष्यात इंजिन उघडून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. डिझेल इंजिनात पिस्टन अगदी वर येतो तेव्हा ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या थोडा बाहेर डोकावतो. थोडा म्हणजे मिलिमीटरपेक्षाही कमी. वरून हेड बसतं, आणि मध्ये असते गॅस्केट. पिस्टन हेडवर आपटू नये एवढी जागा ती गॅस्केटच्या जाडीनं राखायची असते. जाड घातली तर गाडी थंडीत सुरू होत नाही, धूर सोडते. पातळ घातली तर पिस्टन हेडला ठोकतो, आणि घाटात, इंजिन तापल्यावर, तो हमखास ठोकतो. गॅस्केट तीन जाडीत मिळते. ओळखायला तिच्या कडेला भोकं असतात: एक भोक पातळ, तीन भोकं जाड. जुनी बघून नवी आणावी म्हटलं तर अण्णांच्या गाडीच्या गॅस्केटचा नेमका तो कोपरा कुजून तुटला होता. म्हणजे मोजण्याला पर्याय नव्हता.

मोजायला मामांचा स्वतःचा 'पूल' होता. घासून आरशासारखी केलेली पोलादी पट्टी, तिला खाली दोन चौकोनी पाय, आणि मधोमध खाली तोंड करून बसवलेली डायल. पाय ब्लॉकवर, डायलचं टोक पिस्टनवर. डायलवर शंभर घरं. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. त्याच्या आधी शून्य करायचं, म्हणजे पूल एकदम सपाट जागेवर ठेवून काटा शून्यावर आणायचा. कारखान्यात आम्हाला त्यासाठी ग्रॅनाइटचा ओटा होता. मामांकडं आत्तींचा आरसा होता. कुंकू लावायचा, जाड काचेचा, त्यांच्या आईकडून आलेला. "ह्याच्याइतकी सरळ काच कोल्हापुरात न्हाई," असं मामा म्हणायचे, आणि मी मनातल्या मनात हसायचे. मग एकदा कारखान्यातून पट्टी आणून तपासली. काच खरंच सरळ होती.

तर त्या सकाळी आत्ती स्वयंपाकघराच्या पायरीवर झेंडूचं तोरण ओवत बसल्या होत्या, तिथून त्यांना शेड सगळी दिसत होती. मी आरशावर पूल ठेवला, काटा शून्यावर आणला, तो हलू नये म्हणून डायलची रिंग आवळली. ब्लॉक मी अष्टमीलाच पात्यानं खरवडून, पेट्रोलनं पुसून लख्ख केला होता. मामा खाली बसून पुलीला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवत होते.

"चार नंबर वर येतोय," मी म्हणाले. "हळू... अजून... थांबा. काटा उलटा फिरला. एक केसभर मागं."

"आता?"

"शहात्तर."

पिस्टनच्या दोन्ही टोकांना मोजायचं असतं, कारण तो पिनेवर किंचित डोलतो. दोन्हीकडं शहात्तर. तीन नंबर अठ्ठ्याहत्तर. दोन नंबर सत्त्याहत्तर. मी वहीत लिहीत गेले. एक नंबरला पूल आडवा ठेवला, मामांनी पाना फिरवला, काटा चढला, थांबला.

"शहात्तर," मी म्हणाले. "दुसरं टोकही शहात्तर. बघा, चारही एका माळेतले. सगळ्यात वरचा धरायचा, म्हणजे अठ्ठ्याहत्तर. पंचाहत्तर ते ऐंशी, दोन भोकं. झालं काम."

मामा उठले नाहीत. खाली बसूनच म्हणाले, "एक नंबर परत घे."

परत घेतला. शहात्तर.

"ह्या गाडीचा एक नंबरच्या पिस्टनखालचा कनेक्टिंग रॉड बदललाय कुणीतरी मागं," मामा म्हणाले. "खुणा येगळ्या हाईत त्याच्यावर. असा बदललेला रॉड बाकीच्यांसंगं इतका तंतोतंत बसत न्हाई."

"बसला असेल नशिबानं."

मग मामा उठले. हात चिंधीला पुसला आणि मी घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी तो अंगठा ब्लॉकवर टेकवला. डोळे मिटून तो ब्लॉकवरून पिस्टनवर ओढला. दोन नंबरवर. मग एक नंबरवर. मग पुन्हा एक नंबरवर.

"माझा अंगठा पंच्याऐंशीच्या वर म्हणतोय," ते म्हणाले. आवाज इतका हळू की माझ्याशी बोलले की स्वतःशी, कळलं नाही.

आणि मी, डोक्यात हवा असलेली मी, म्हणाले, "मामा, अंगठ्याला शून्य करता येत नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली. मामांनी पुलाकडं पाहिलं, पुलाच्या पायाकडं पाहिलं, आणि मग परसातून पायरीकडं. आत्ती मान खाली घालून सुई ओढत होत्या.

"अगं," मामांनी हाक मारली, "चहा टाक की. आलं घालून. घसा धरलाय."

"आत्ताच तर झाला."

"आणिक एकदा टाक. सण हाय."

आत्ती गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि आत गेल्या. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आल्याबरोबर मामांनी पूल उचलून माझ्या हातात दिला. चिंधीचं टोक पेट्रोलमध्ये बुडवलं आणि ब्लॉकच्या कोपऱ्यावरचं कुंकू पुसायला घेतलं. ते सहज निघेना. गंध रात्रीत वाळून घट्ट झालं होतं. मामांनी नखानं कड उचकटली तेव्हा त्याची खपली सुटली, पोस्टकार्डाएवढी जाड. ती त्यांनी खाली पडू दिली नाही. तळहातावर घेऊन कपाळाला लावली आणि खिशात ठेवली. मग जागा पुन्हा दोनदा पुसली.

"आता घे," म्हणाले.

मी पूल ठेवला. त्याचा डावा पाय नेमका त्या कोपऱ्यावर बसला. मामांनी पाना फिरवला. काटा चढला, शहात्तर ओलांडून गेला आणि शहाऐंशीवर थांबला.

माझे कान गरम झाले. माझ्या टेबलावर कुणी जॉबखाली असा कचरा ठेवून माप घेतलं असतं तर त्याला मी सगळ्यांसमोर सोलून काढला असता. आणि इथं मी स्वतः ब्लॉक खरवडला, पुसला, आणि नंतर त्याच ब्लॉकवर लावलेलं कुंकू डोळ्यांनी पाहूनही त्यावर पूल ठेवला. कारण कुंकवाला जाडी असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कुंकू म्हणजे कुंकू.

"तीन भोकं," मी म्हणाले. आणि वहीतला एक नंबरचा आकडा खोडला.

मामांनी मान हलवली. पूजेचं ताट अजून शेडच्या फळीवर होतं. त्यांनी वाटीतल्या गंधात पाण्याचे दोन थेंब टाकून कुंकू कालवलं, अंगठा बुडवला आणि ब्लॉकच्या कोपऱ्यावर, होतं तिथंच, तेवढाच पट्टा ओढला. रेडिएटरवरचं फूल उचलून त्यावर ठेवलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दसरा. हीच शेड. हाच पूल.

"मामा, त्या वडापच्या वेळी..."

"हळू बोल."

"तेव्हाही असंच झालं होतं?"

मामा हात पुसत राहिले. "इंजिन उघडलं तवा दिसलं. गॅस्केटखाली कुंकू चेपलेलं. तिथंच पूल ठेवला हुता मी. अंगठा तवाबी वर म्हणाला हुता, काटा खाली म्हणाला. मी काट्याचं ऐकलं."

"मग सांगितलं का नाही? दोन वर्षं लोक काय काय बोलले. जोतिराम दारात येऊन—"

"काय सांगू?" मामांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "माझ्या बायकोनं पूजा केली म्हणून चौदा माणसं घाटात मरायची हुती, असं सांगू? तीस वर्षं ती माझ्या हत्यारांना कुंकू लावतीया. एक साल चुकलं न्हाई. तिला हे कळलं तर ती पुन्हा कशाला लावंल? देवाफुडंबी हात थरथरंल तिचा." मग म्हणाले, "आणि पुसायला पायजे हुतं ते मी. कुंकू पुसायचं न्हाई, म्हणून न्हाई पुसलं. मग माप माझंच चुकलं की. मी खोटं काय बोललो?"

आत कपबशा वाजल्या.

"तिला सांगू नको," मामा म्हणाले.

"नाही सांगत."

आत्ती चहा घेऊन आल्या. माझ्या हातात कप देताना त्यांची नजर इंजिनावरून फिरली, कोपऱ्यावर क्षणभर थांबली. फूल होतं. कुंकू होतं.

"झालं का गं माप?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हणाले. "मामांचा अंगठा बरोबर निघाला. डायल माझीच जरा चुकली होती."

मामा चहात बघत राहिले. पण बशीत ओतताना त्यांच्या मिशा हलल्या, हसले की काय कोण जाणे.

तीन भोकांची गॅस्केट दुसऱ्या दिवशी मिळाली. मामांनी ब्लॉक पुन्हा पुसून, दोन दिवस लावून इंजिन बांधलं. प्रत्येक नट क्रमानं आणि टप्प्याटप्प्यानं. मी शेजारी उभी राहून पुस्तकातला क्रम वाचत होते आणि ते न वाचताच बरोबर करत होते. रविवारी अण्णा गाडी न्यायला आले. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. अण्णा खूश होऊन गडहिंग्लजला निघायला लागले, तर मामा म्हणाले, "आधी गगनबावड्याला जाऊन येऊ."

"गगनबावड्याला? कशाला?" अण्णांनी विचारलं.

"घाट बघाय."

गाडी मामांनी स्वतः चालवली. शेजारी अण्णा, मागं मी आणि आत्ती. गगनबावडा ओलांडून ते घाटाच्या पायथ्यापर्यंत उतरले, गाडी वळवली आणि चढाला लागले. मामांनी काच खाली केली होती आणि मान जरा बाहेर काढून इंजिन ऐकत होते. दुसरा गिअर, तिसरा, पुन्हा दुसरा. इंजिन चांगलं तापलं होतं आणि त्याचा आवाज एकसारखा येत होता. कठड्यावर गाडी घासल्याची जुनी खूण असलेली एक जागा आली तेव्हा आत्तींनी माझा हात धरला. मामांनी तिथं मुद्दाम गाडी थांबवली आणि ऐन चढावर पुन्हा उचलली. इंजिननं एकदाही ठोकलं नाही.

वर आल्यावर मामांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले आणि आमच्याकडं पाठ करून दरीकडं बघत उभे राहिले. अण्णा मला हळूच म्हणाले, "कोण म्हणालं गं ह्यांचा हात गेला?" मला इतका आनंद झाला होता की मी आत्तींच्या खांद्यावर डोकं ठेवून सरळ रडले. आत्ती माझ्या केसांवरून हात फिरवत होत्या आणि त्यांची नजर मामांच्या पाठीवर होती.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. अण्णा जपून बोलणारे असले तरी दुकानदार. त्यांनी बोलायचं ठरवलं की तालुक्याला कळतं. दिवाळी सरते ना सरते तोच शेडमध्ये दोन गाड्या उभ्या होत्या, आणि माघात जोतिराम स्वतः आला. दारात उभा राहून चपलेनं माती उकरत म्हणाला, "मिस्त्री, नवी जीप घेतलीया. बघाय पायजे हुती." मामा म्हणाले, "आण." एवढंच. कट्ट्यावरचा पेपर मग संध्याकाळपर्यंत घडी न मोडता पडून राहायला लागला.

वर्ष गेलं. पुन्हा खंडेनवमी आली. शेडमध्ये योगायोगानं एक इंजिन उघडं होतं. योगायोग कसला, तोवर शेड रिकामी राहतच नव्हती. मामा आंघोळीला गेले होते. पाट मांडायला मी आत्तींच्या मदतीला होते, आणि उद्या सकाळी पुन्हा चहाचं निमित्त काढावं लागणार होतं.

हत्यारांची पूजा झाली. आत्ती ताट घेऊन इंजिनापाशी आल्या. बोट गंधात बुडवलं. आणि खाली वाकून त्यांनी कुंकू ब्लॉकच्या बाजूला, पार खाली, जिथं कशाचाच पाय बसत नाही अशा जागी लावलं.

"वर नाही लावलंत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"वर पूल बसतोय न्हवं," आत्ती म्हणाल्या.

त्यांनी फूल वाहिलं, हात जोडले, पदरानं बोट पुसलं. मग न्हाणीघराकडं एकदा पाहून माझ्याजवळ आल्या.

"मी कवा अंगठ्यानं कुंकू लावलंय का गं? चहा घेऊन आलो तवा बघितलं. ह्यांच्या अंगठ्याची चीर उमटली हुती त्यात, चांगली सरळ. माझं कुंकू ह्यांनी पुसलं कशाला आन् पुन्हा लावलं कशाला, रातभर इचार केला. सकाळपातूर सगळं उलगडलं. वडापचंबी." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज घट्ट होता. "त्या चौदा माणसांसाठी मी अंबाबाईफुडं नाक घासून आलो. ते माझं मी बघीन. पण मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नको. दोन वर्सं त्यांनी माझ्यासाठी लोकांचं खाल्लं. तेवढं त्यांचं त्यांच्याजवळ ऱ्हाऊ दे."

"नाही सांगत," मी म्हणाले. त्या घरात दुसऱ्यांदा.

आता माझ्या हाताखाली तपासणी विभागात अकरा जणं आहेत. तो पूल माझ्या टेबलावर काचेच्या पेटीत असतो, आरसा घरी. मामाही गेले, त्यांच्यामागून आत्तीही, म्हणून हे आज लिहिते आहे. दोघांना दिलेला शब्द मी दोघांच्या हयातीत पाळला.

त्या दुसऱ्या वर्षीच्या दसऱ्याच्या सकाळी मामा शेडमध्ये आले. आत्ती पायरीवर तोरण ओवत होत्या. मामांनी चिंधीचं टोक पेट्रोलमध्ये बुडवलं, तोंड उघडून चहाचं काहीतरी म्हणणार होते, आणि ब्लॉकवर वाकले. पुसायला काहीच नव्हतं. ते तसेच वाकून राहिले. मग बाजूला, खाली लावलेलं कुंकू त्यांना दिसलं. त्यांनी पायरीकडं पाहिलं. आत्ती मान खाली घालून सुई ओढत होत्या, आणि त्या सुईत दोरा नव्हता.

मामांनी चिंधी खांद्यावर टाकली.

"विजू," ते म्हणाले, "आण पूल."